फ्लाय रॉड घेऊन कोकणच्या खाडीत: ट्राउट नव्हे, जिताडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भावाने स्कॉटलंडहून आठ नंबरचा फ्लाय रॉड, रीळ आणि सी ट्राउट माशासाठीच्या फ्लायची, म्हणजे पिसं-दोरा बांधून भक्ष्यासारख्या सजवलेल्या गऱ्यांची, डबी आणून दिली. तिकडच्या एका दूरच्या नदीवर रात्रीच्या अंधारात सी ट्राउट धरल्याचं त्याचं वर्णन ऐकून तुम्हालाही ओढ लागली. आता कोकणातल्या एखाद्या आडबाजूच्या नदीत हे जमेल का, कुठे उभं राहायचं, कुठली फ्लाय लावायची, आणि पहिल्याच मोसमात मासा लागेल अशी आशा धरायची का, हे तुम्हाला हवंय.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. आशा धरा, पण रॉडपेक्षा पंचांगावर जास्त भिस्त ठेवा. मी रत्नागिरीच्या दक्षिणेला मुचकुंदीच्या खाडीत लहानपणापासून गरवतो. पहिली कित्येक वर्षं हातात नुसता तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याला शिसं आणि गरीला जिवंत कोळंबी, एवढाच संसार होता. फ्लाय रॉड फार उशिरा आला. फेकायला शिकलो तरी पहिले दोन मोसम मला धड मासा लागला नाही. कारण मी फेक सुधारत बसलो होतो आणि ज्या पाण्यात लहानाचा मोठा झालो त्याच्याकडे बघायचंच विसरलो होतो.

सी ट्राउट आपल्याकडे नाही. ट्राउट आहे, पण तो ब्रिटिशांनी आणून सोडलेला, काश्मीर-हिमाचलच्या किंवा निलगिरी आणि मुन्नारच्या थंड पाण्यातला. पाणी पंचवीस अंशांच्या पुढे तापलं की त्याची घुसमट होते. आपली खाडी उन्हाळ्यात तिशी ओलांडते. त्यामुळे तो विषय सोडून द्या. पण तुमचा भाऊ ज्या माशामागे रात्र काढतो त्याची कथा समजून घ्या, कारण आपल्याकडे त्याच कथेचा आरशातला मासा आहे.

सी ट्राउट म्हणजे मुळात ब्राऊन ट्राउटच. एकाच जातीतले काही मासे जन्मभर नदीत राहतात. काही समुद्रात उतरतात, तिथे चरून रुपेरी आणि दणकट होतात आणि अंडी घालायला नदीत परततात. या परतणाऱ्यांना सी ट्राउट म्हणायचं. वेल्समध्ये त्यांना सेविन म्हणतात. अंडी गोड्या पाण्यात, वाढ खाऱ्यात. नदीत शिरल्यावर हा मासा जवळजवळ खाणं सोडतो. तरी तो फ्लाय घेतो, ते भुकेने कमी आणि चिडून किंवा जुन्या सवयीने जास्त. म्हणून तिकडच्या फ्लाय कशाची हुबेहूब नक्कल नसल्या तरी चालतात.

जिताडा याच्या नेमका उलट. मालवण-गोव्याकडे याला चोणक म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. याची अंडी खाऱ्या पाण्यात पडतात, पावसाळ्याच्या सुमारास, खाडीच्या मुखाजवळ. पिलं भरतीबरोबर कांदळवनात आणि खाजणात शिरतात आणि नदी गोडी झाली की वरपर्यंत चढतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेताजवळच्या तळ्यांत जिताडा वाढवायची जुनी रीत याच स्वभावावर उभी आहे. नदीत आणि खाडीत तो खायला येतो, चांगला हावरटासारखा खायला. बोयटं, शेवट्याची पिलं, कोळंबी, काळुंदराची पोरं, जे तोंडात मावेल ते. तेव्हा डबीतल्या नाजूक काळ्या-निळ्या फ्लाय भावाला परत द्या किंवा जपून ठेवा. इथे माशाला त्याचं जेवण दिसलं पाहिजे.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी सांगतो, कारण त्या न कळल्यामुळे लोक वैतागून सोडून देतात. आठ नंबरचा रॉड चालेल. नऊ असता तर मुळांतून मासा ओढायला बरं पडलं असतं, पण चालेल. त्याच्यावरची लाइन मात्र चालणार नाही. थंड देशासाठी बनवलेल्या लाइनचं आवरण आपल्या उन्हात मऊ पडतं, कड्यांना चिकटतं आणि दुपारी तर ओल्या सुतळीसारखं लोंबतं. उष्ण प्रदेशासाठीची, तरंगणारी लाइन घ्या. पुढे कधी जमलं तर सावकाश बुडणारी एक ठेवा. दुसरी गोष्ट शेवटच्या दोन फुटांची. जिताड्याला तंगूस कापणारे दात नाहीत, पण कल्ल्यावरच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. उडी मारून डोकं झटकलं की साधा तंगूस तुटलाच म्हणून समजा. लाइनच्या पुढचा पातळ तंगूस म्हणजे लीडर; वीस पौंडी लीडरच्या टोकाला चाळीस-पन्नास पौंड ताण सोसणारा जाड तंगूस दोन फूट लांबीचा बांधा आणि फ्लायला सैल फासाची गाठ मारा, म्हणजे ती मोकळी हलेल.

फ्लाय म्हणाल तर जड डोळ्यांची क्लाउझर मिनो आणि पिसांची डिसीव्हर या दोन जातींवर मी सगळं आयुष्य काढू शकतो. क्लाउझरमध्ये शिशाचे किंवा पितळेचे डोळे असल्यामुळे ओढ सोडली की ती डोकं खाली करून बुडते आणि पुढच्या ओढीला वर उठते. जखमी बोयटं असंच करतं. डिसीव्हर मी घरच्या कोंबड्याच्या मानेच्या पिसांची बांधतो. लांब, मऊ, पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलणारी पिसं. स्वच्छ पाण्यात पांढरी-हिरवी, आणि रात्री काळी. रात्रीचा काळा रंग अनेकांना पटत नाही. पण मासा खालून वर बघतो. आकाश कितीही अंधारं असलं तरी पाण्यापेक्षा उजळ असतं आणि त्यावर काळी आकृतीच ठसठशीत उठते. तुमचा भाऊही हेच सांगेल. इथे दोन्ही नद्या एक होतात.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा.

नदीवर मासे धरणारा माणूस एका दिशेने वाहणाऱ्या पाण्याला सरावलेला असतो. मासा वरच्या बाजूला तोंड करून उभा आहे, हे तो गृहीत धरतो. खाडीचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं आणि मधे थोडा वेळ निपचित पडतं. त्या निपचित पाण्यात जिताडा जवळजवळ कधीच लागत नाही. पाणी वाहतं तेव्हा लहान मासळी त्याच्याबरोबर ओढली जाते आणि जिताडा आडोशाला थांबून ती टिपतो. म्हणून आधी पाणी कधी वाहणार ते काढा, मग सुट्टी टाका.

काढायचं कसं, ते आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तिथीला पाऊणपट करा. येणारा आकडा म्हणजे भरती पूर्ण व्हायची वेळ, सकाळची आणि रात्रीचीही. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज पक्का मिळतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण होते. हे झालं मुखाजवळचं गणित. खाडीत जसजसे वर जाल तसतसं पाणी उशिरा पोचतं आणि उशिरा उतरतं. मी जिथे गरवतो तिथे, पूर्णगडला आमची खाडी समुद्राला मिळते त्या मुखापेक्षा, तासभर तरी उशीर असतो. तुमच्या जागेचा उशीर किती, हे कुठल्याही तक्त्यात नाही. चिखलात एक काटकी रोवा, पाणी कधी थांबलं ते घड्याळात बघा आणि वहीत लिहा. अशा तीन-चार नोंदी झाल्या की ती खाडी तुमच्याशी बोलायला लागते.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनव-अवसेला लागून, पाणी जोरात धावतं आणि गढूळ होतं. तळाचा गाळ उठतो, फ्लाय दिसत नाही, लाइन वाहून जाते. भांगाला, अष्टमीच्या आसपास, पाणी स्वच्छ असतं पण हलतच नाही म्हणा ना. मला आवडते ती मधली वेळ, तृतीया ते पंचमी. ओढ पुरेशी असते आणि गढूळपणा बसायला लागलेला असतो. त्यातही सुकतीचे शेवटचे दोन तास. पाणी कांदळवनातून बाहेर पडतं, मुळांत लपलेली बोयटं आणि कोळंबी नाइलाजाने उघड्यावर येतात आणि सगळी गर्दी काही मोजक्या तोंडांतून जाते. ती तोंडं शोधायची. एखादा पऱ्या, म्हणजे ओहळ, खाडीला मिळतो ती जागा, खारबंधाऱ्याच्या उघाडीतून, म्हणजे दारातून, पाणी सुटतं ती जागा, कांदळवनातल्या तिवरांच्या मधली चिंचोळी चर. तिथे वाहतं पाणी आणि संथ पाणी यांच्यामध्ये एक शिवण दिसते, कधी फेसाची, कधी नुसत्या सुरकुतीची. मासा त्या शिवणीच्या संथ बाजूला असतो.

हे मला शिकवलं ते आमच्या खाडीतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी. ते पाग टाकायचे. पाग खांद्यावर घेऊन अर्धा तास नुसते उभे राहायचे. मला वाटायचं दमले असतील. एकदा विचारलं तर म्हणाले, जाळं एकदाच टाकायचं असतं, बघायचं मात्र शंभरदा. ते पाण्यावरची बोयटं बघत असत. बोयटं सैल, इकडेतिकडे पोहत असतील तर खाली कोणी नाही. ती एकाएकी गच्च गोळा झाली, काठाला चिकटली किंवा चांदीची मूठ फेकल्यासारखी पाण्याबाहेर उडाली, तर खाली मालक आलाय. फ्लाय रॉडवाल्यालाही याहून मोठी शिकवण नाही.

फेक लांब नको. चाळीस फूट नेमकी पडली तर सत्तर फुटांची गरज नाही. शिवणीच्या वरच्या अंगाला, मुळांपासून हातभर अंतरावर फ्लाय टाका, वाहत्या पाण्याबरोबर उतरू द्या, मग डाव्या हाताने दोन आखूड ओढी आणि एक थांबा. थांबा खरा थांबा हवा, मनात तीन मोजा. बहुतेक जिताडे त्या थांब्यातच घेतात. तो फ्लाय चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. रात्री याचा भक् असा पोकळ आवाज येतो आणि अंगावर काटा उभा राहतो. नेमक्या त्याच क्षणी नदीवर शिकलेला माणूस सवयीने रॉड वर उचलतो आणि फ्लाय माशाच्या तोंडातून बाहेर येते. रॉड हलवू नका. टोक पाण्याकडे, माशाकडे रोखलेलं ठेवा आणि डाव्या हाताने लाइन मागे खेचा, घट्ट आणि लांब. वजन हाताला लागलं की मगच रॉड उचला. ही एक सवय मोडायला मला पूर्ण पावसाळा अंगणात सराव करावा लागला. समोर पुतण्या लाइनचं टोक धरून उभा राहायचा आणि मनाला येईल तेव्हा झटका द्यायचा.

लागलेला मासा आधी मुळांकडे पळतो. पहिली पाच सेकंदं दया दाखवू नका. तांबोशी असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. वजनाने निम्मी असली तरी ती मुळाला वळसा घालूनच राहते, आणि तिच्यापायी माझ्या जितक्या फ्लाय गेल्या तितक्या जिताड्यापायी गेल्या नाहीत. जिताडा उघड्या पाण्यात आला की उडी मारतो. त्या वेळी रॉड पुढे झुकवून लाइनला किंचित ढील द्या, म्हणजे डोक्याच्या झटक्याने गरी निसटत नाही.

मोसमाचं सांगायचं तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाणी निवळतं, खार पुन्हा वर सरकू लागतो आणि मासा त्याच्या पुढेमागे असतो. तो काळ सर्वात चांगला. पौष-माघातल्या गार पहाटे तो सुस्त असतो. होळीनंतर पुन्हा जोर धरतो. भर पावसात खाडीवर जाऊ नका. लाल पाण्यात काही दिसत नाही आणि नदी वरून कधी फुगेल ते खाली कळत नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते ती मासळीच्या विणीसाठीच. आपल्या हातात बोट नसली तरी तो काळ मी माशांचाच मानतो.

आता जिवावरच्या गोष्टी, त्या वरवर वाचू नका. वाशिष्ठीत चिपळूणकडे आणि सावित्रीत महाडकडे मगरी आहेत. त्या नद्यांत पाण्यात उतरून रात्री गरवणं हा वेडेपणा आहे. होडीतून किंवा उंच काठावरून जे होईल ते. मगर नसलेल्या खाडीतही चिखल असा असतो की गुडघाभर रुतलात आणि भरती लागली तर एकट्याने निघणं कठीण. सुकतीला गेलात तर परतीची वाट भरतीत उरणार आहे का ते आधी बघा. आणि दोघांनी जा. खडकावर कालवं असतात, त्यांची धार तळव्याला हाडापर्यंत जाते. जाड तळाचे बूट हवेत, चपला चिखल ओढून घेतो. वाळूत चालताना पाऊल उचलून टाकू नका, घसटत न्या, म्हणजे पुरून बसलेलं पाकट, शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, बाजूला सरकतं. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-एक तास बुडवून ठेवा. उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो. मग डॉक्टरांकडे जा, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. मी थर्मासमध्ये चहा नेत नाही, गरम पाणी नेतो.

जागा विचाराल तर दक्षिण रत्नागिरीच्या खाड्यांपासून सुरुवात करा. मुचकुंदी विशाळगडाच्या बाजूला माचाळाकडे उगवते आणि पूर्णगडाला समुद्राला मिळते. लांबी फार नाही, पण मधल्या पट्ट्यात तिवरं दाट आहेत आणि वर्दळ कमी. नेमकी चर कुठली ते मी लिहिणार नाही, ती शोधण्यातच अर्धा आनंद आहे. पण कुठेही गेलात तरी आधी वाडीत जा. त्या पाण्यावर कुणाचं तरी पोट आहे. जाळी कुठे लावलीत, होड्या कुठून जातात, कुठला भाग देवाचा मानतात, हे विचारा. महाडजवळ वाळणकोंडीसारख्या ठिकाणी देवीच्या नावाने मासे राखलेले आहेत, तिथे गळ टाकायचा नसतो. विचारणाऱ्या माणसाला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. उलट उठता बसता माहिती देतात.

शेवटी, मासा लागल्यावर काय करायचं, जे तुम्ही विचारलं नाहीत. जिताडा जन्मतो तो बहुतेक नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे दीड-दोन किलोचा जिताडा जवळजवळ नक्की नर, आणि सात-आठ किलोच्या पुढचा जवळजवळ नक्की मादी. लाखांनी अंडी घालणारी ही मादी तयार व्हायला कित्येक वर्षं लागलेली असतात. क्वीन्सलंडमध्ये भरतीच्या पाण्यातला ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा जिताडा ठेवायला कायद्याने मनाई आहे, ती याचसाठी. मी घरच्यासाठी मधला एखादा आणतो, तो दोन किलोच्या आसपासचा. मोठी लागली की पाण्याबाहेर काढत नाही. गरीचा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलेला असतो, त्यामुळे ती सहज सुटते. हात ओले करून खालचा जबडा धरायचा, पोटाखाली दुसरा हात, तोंड वाहत्या पाण्याकडे, आणि ती स्वतः शेपटी मारेपर्यंत धरून राहायचं. जबड्याला धरून लोंबकळत फोटो काढू नका. एवढं वजन त्या जबड्याने आणि कण्याने पेलायचं नसतं.

सोडायची सवय मला कुठल्या पुस्तकाने लावली नाही, संकष्टीने लावली. हिशोब करून बघा. वद्य चतुर्थी म्हणजे तीनला भरती, मुखाशी नऊला सुकती, माझ्या जागी दहाला. चंद्रोदय नऊच्या आगेमागे. म्हणजे दिवेलागणीपासून चंद्र उगवेपर्यंत पूर्ण अंधार आणि वाहती सुकती, दोन्ही एकदम. महिन्यात अशी दुसरी रात्र नाही. आणि आईचा त्या दिवशी उपास असायचा. चंद्र दिसल्यावर मोदकाचा नैवेद्य, मग ताट. त्या घरात त्या रात्री मासळी आणणं शक्यच नव्हतं. त्यामुळे महिन्यातली सगळ्यात चांगली मासळी मी वर्षानुवर्षं पाण्यातच सोडून येत गेलो, आणि डोंगरावर उजेड दिसला की लाइन गुंडाळून घराकडे पळत सुटायचो.

पुढची संकष्टी जमत असेल तर त्याच दिवशी सकाळी नऊ-दहाला खाडीवर पोचा. रात्री ज्या पाण्यात फ्लाय टाकणार, ते तेव्हा उतरलेलं असेल. मुळं कुठे आहेत, चर किती खोल आहे, कालवांचा खडक कुठे संपतो, परत यायची वाट कुठली, सगळं डोळ्यांनी बघून ठेवा. रॉड त्या वेळी गाडीतच राहू द्या.